ते काय औषध थोडंच आहे!

आमच्या घरात एक पत्र्याचा डबा आहे. आधी त्यात बिस्किटं होती, मग सुया-दोरे आले, मग पोरांच्या दाखल्यांच्या झेरॉक्स आल्या. आणि तीन वर्षांपूर्वी माझ्या हृदयात स्प्रिंग बसल्यापासून त्यात गोळ्या आहेत. आमच्या जळगावात स्टेंटला स्प्रिंगच म्हणतात. 'भाऊंना एक स्प्रिंग टाकली' असं कोणी म्हटलं, की भाऊ आता सोफ्यावरून उठताना करकरतील असं उगाच वाटतं.

या डब्याला दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या राहतात. रक्तातल्या प्लेटलेटना एकमेकींच्या गळ्यात पडू न देणाऱ्या दोन, कोलेस्टेरॉलची रात्रीची एक, बीपीची टेल्मिसार्टन आणि ठोके आवरून धरणारी एक. या भाडेकरू आहेत. त्यांची चिठ्ठी आहे, मुदत आहे, महिन्याच्या महिन्याला पैसे मोजावे लागतात. वरच्या मजल्यावर ताकदीच्या गोळ्या. त्यांची चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. त्या पाहुण्यांसारख्या आल्या आणि राहिल्या.

दर तीन महिन्यांनी डॉक्टर विचारतात, "याशिवाय अजून काही घेता का?"

मी छातीवर हात ठेवून, स्प्रिंगला साक्षी ठेवून सांगतो, "काही नाही."

आणि यात मी खोटं बोलत नसतो. औषध म्हणजे जे घ्यायला विसरलं तर बायको बोलते ते. व्हिटॅमिन हे औषध नव्हे. तो मेथीच्या लाडवाचा शहाणा चुलतभाऊ. दुखलं म्हणून घेतो ते औषध, कोणी प्रेमानं दिलं म्हणून घेतो ती ताकद. सरकारचंही मत काही वेगळं नाही. 2016 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं या पूरक पदार्थांचे नियम केले, त्यात हा सगळा प्रकार औषधांत नाही, अन्नात बसवला आणि बरणीवर 'औषधी उपयोगासाठी नाही' असं छापायला लावलं. ही सूचना माणसानं सावध व्हावं म्हणून आहे, हे मला फार उशिरा कळलं. मी ती वाचून निर्धास्त झालो होतो. औषध नाही म्हणतात ना? मग डॉक्टरला कशाला सांगायचं?

वरच्या मजल्यावरचा पहिला पाहुणा न्यू जर्सीहून आला. भाचा तिकडे असतो. पूर्वी परदेशातून येणारे लोक साबण आणि बदाम आणत, आता बरण्या आणतात. दोनशे गोळ्यांची बरणी, आत कापसाचा बोळा, झाकण उघडायला दोन माणसं. त्या गोळ्या दिसायला मात्र देखण्या होत्या: सोनेरी, पारदर्शक, उन्हाकडे धरल्या तर मधाच्या थेंबासारख्या. "मामा, हार्टसाठी बेस्ट," एवढंच भाचा म्हणाला आणि जेटलॅगमुळे झोपला.

आमची सौभाग्यवती माळकरी. मुक्ताईच्या यात्रेला चुकत नाही, कांदा-लसणाचेसुद्धा तिचे दिवस ठरलेले. ती रोज सकाळी मला तुळशीच्या तीर्थाबरोबर हातावर दोन सोनेरी थेंब ठेवायची. चार महिने ठेवले. एके दिवशी सातवीतला नातू बरणीशी खेळताना म्हणाला, "आजोबा, फिश म्हणजे मासा ना?"

घरात जी शांतता पसरली, तशी शांतता मी फक्त बँकेत ऑडिटर आल्यावर अनुभवली आहे. आपल्याकडे वेष्टनावर हिरवा ठिपका असतो किंवा दुसरी खूण असते. अमेरिकेच्या बरणीवर ठिपकाच नसतो. सौभाग्यवतीनं डबा चिंचेनं घासला, दोन दिवस उन्हात ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी रोज पहाटे उठून तापीवर गळ टाकायला जात होतो.

पण खरी भानगड मासा ही नव्हतीच. त्या चार महिन्यांत माझी दाढी करताना एकदा कापलं, तर रक्त थांबेना. तुरटी फिरवली, हळद लावली, वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला. संपादकीय पान पूर्ण भिजलं तरी चालूच. खालच्या मजल्यावरच्या दोन गोळ्या रक्त गोठू देत नव्हत्या, आणि वरच्या मजल्यावरचं माशाचं तेल, त्याच्या जोडीला दुसऱ्या एका बरणीतलं भरभक्कम व्हिटॅमिन ई, ही दोघंही मोठ्या मात्रेत तेच काम करतात. म्हणजे दोन पगारी पहारेकरी दारात उभे असताना मी आणखी दोन हौशी पहारेकरी ठेवले होते. दार उघडायलाच कोणी उरलं नव्हतं. बरं, एवढं करून हृदयाला लाभ म्हणावा, तर 2022 साली अमेरिकेतल्याच प्रतिबंधक उपचारांच्या सरकारी तज्ज्ञमंडळानं सांगून टाकलं आहे, की हृदयविकार टाळण्यासाठी व्हिटॅमिन ई घेऊ नका. भाचा तिथेच राहतो. त्याच्या घरापर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

यानंतर तरी शहाणपण यावं की नाही? पण माणूस एका बरणीवरून शिकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात नेहमीच्या तपासणीत माझं पोटॅशियम 5.9 आलं. साडेतीन ते पाचच्या आसपास असावं म्हणतात. डॉक्टर रिपोर्टावरून मान वर करून म्हणाले, "केळी किती खाता?"

जळगाव जिल्ह्यात हा प्रश्न म्हणजे माशाला पाणी किती पितोस विचारण्यासारखा आहे. आम्ही केळी खात नाही, केळी असतात. चुलतभावाची यावलकडे बाग आहे. कापणी झाली की घड ट्रकमध्ये, ट्रक सावद्याला, सावद्याहून मालगाडी दिल्लीला, आणि ट्रकमध्ये न बसलेल्या फण्या आमच्या ओट्यावर. पिकायला लागल्या की एकदम पिकतात. मग सकाळी केळं, दुपारी शिकरण, चारला वेफर, रात्री 'दोनच उरलीत, संपवून टाका'. त्यातून 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून केळं नको म्हणणं हे अपचन राहिलं नसून फितुरी झाली आहे.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. एका मध्यम केळ्यात चारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. धडधाकट मूत्रपिंडं जास्तीचं बाहेर टाकतात, म्हणून बाकीच्या गावाला काही होत नाही. पण टेल्मिसार्टनचं काम काय? शरीरात बीपी वाढवण्याचा निरोप घेऊन फिरणारा एक निरोप्या आहे, त्याला ती दारात अडवते. आता हाच निरोप्या जाता जाता मूत्रपिंडांना आणखी एक निरोप देत असतो, की पोटॅशियम बाहेर काढा. तो अडकला की तो निरोपही अडकतो, आणि पोटॅशियम आतच बसून राहतं. फार साठलं तर हृदयाचा ठेका बिघडवतं, आणि बिघडवेपर्यंत बहुतेकदा सांगतसुद्धा नाही. रामिप्रिल घेणाऱ्यांचं तेच, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांचं तर फारच.

"पण केळ्यांनी एवढं वाढायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "अजून काय घेता?"

"काही नाही."

"मीठ कोणतं?"

इथं सौभाग्यवती अभिमानानं पुढे सरकली. "मी यांच्यासाठी बीपीवाल्यांचं मीठ आणते. महाग पडतं, पण आणते."

डॉक्टरांनी डोळे मिटले. त्या मिठात सोडियम कमी असतं ते असंच कमी होत नाही. त्याच्या जागेवर पोटॅशियम क्लोराईड बसवलेलं असतं. बीपीवाल्याला चांगलं, पण ज्या बीपीवाल्याची गोळी पोटॅशियम धरून ठेवते त्याला नव्हे. शिवाय ते कमी खारट लागतं, म्हणून ही दुप्पट टाकायची. आणि उन्हाळ्यात थकवा येतो म्हणून, पाण्यात टाकली की फसफसणारी नारिंगी गोळी मी रोज घ्यायचो. घरी येऊन भिंगातून पाहिलं, तर तिच्यावरही पोटॅशियम. सगळीकडून पोटॅशियमचा मारा, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात एकटं केळं! मीठ गेलं, फसफस गेली, केळं रोज एक राहिलं. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं, 4.7. चुलतभावाला फोन करून सांगितलं की केळी निर्दोष सुटली. तो म्हणाला, "मंग पाठवू का फण्या?"

केसांचं प्रकरण सांगावं की नको, असा विचार करत होतो. सांगूनच टाकतो.

सुनेनं केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या आणल्या होत्या. माझ्या डोक्यावर आता कानामागे तेवढी वस्ती उरली आहे. मधलं सगळं गायरान. तिच्या गोळ्या मी गुपचूप घ्यायला लागलो. चोरी नव्हती ती. घरातल्या घरात हस्तांतरण होतं. दीड महिन्यानं एका रात्री लग्नातली शेवभाजी खाऊन छातीत जळजळ सुरू झाली. स्प्रिंगवाल्याची जळजळ ही जळजळ मानत नाहीत. मुलानं गाडी काढली. हातपायांना वायरी लावल्या, ईसीजी काढला, आणि रक्त घेताना तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं,

"काका, केसांच्या गोळ्या घेता का?"

वॉर्डातले सहा पेशंट, त्यांचे नातेवाईक, सलाईन बदलणारा वॉर्डबॉय, सगळ्यांनी माझ्या टाळूकडे पाहिलं. वॉर्डबॉयच्या हातातली बाटली तिरपी झाली. मी दुखावल्या स्वरात म्हणालो, "तसं दिसतंय का काही?" पण पोरगी हुशार होती. ती हसली नाही, उत्तराची वाट पाहत राहिली. शेवटी मी सुनेकडे न बघता मान हलवली.

मग कळलं ते असं. हृदयाला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं, आणि ते मोजून झटका आला की नाही ते ठरवतात. ते मोजणाऱ्या काही किटमध्ये बायोटिनच डिंकासारखं वापरलेलं असतं. आपल्याच रक्तात बायोटिन तुडुंब असेल तर त्या डिंकाच्या जागा आधीच भरतात आणि ट्रोपोनिन असलं तरी कमी दिसतं. म्हणजे झटका आलेला माणूस 'गॅस आहे, घरी जा' म्हणून परत येऊ शकतो. शरीराला लागतं रोज तीस मायक्रोग्रॅम. केसांच्या गोळीत असतात कधी दहा हजार. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2017 साली याबद्दल इशारा दिला, तो असा चुकीचा रिपोर्ट येऊन एकजण दगावल्याची नोंद झाल्यावर. माझा तो गॅसच निघाला. पण तसं खात्रीनं सांगायला त्यांना दुसऱ्या पद्धतीनं तपासून, रात्रभर ठेवून घ्यावं लागलं. केस आले नाहीत. सून अजून गोळ्या मोजून ठेवते.

आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त गृहस्थांचं तर डी-व्हिटॅमिन कमी निघालं. जळगावात! जिथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि डांबराला चप्पल चिकटते, तिथं माणसाला ऊन कमी पडतं. पण खरं आहे, त्या उन्हात दहा ते पाच बाहेर पडतो कोण? डॉक्टरांनी साठ हजार युनिटची गोळी लिहून दिली, आठवड्याला एक, आठ आठवडे. त्या गृहस्थांना हिशेबात आळस परवडत नाही. आठवड्याला एक म्हणजे हळू, रोज एक म्हणजे लवकर. वर कॅल्शियम. ते हृदयासाठी डिगॉक्सिन घेत होते, आणि रक्तात कॅल्शियम चढलं की डिगॉक्सिन विषासारखं वागायला लागतं. ब आणि क व्हिटॅमिन जास्त झालं तर बहुतेक लघवीवाटे जातं, तुमचे पैसे पिवळे होऊन वाहून गेले एवढंच. ड, ई, अ ही मात्र चरबीत मुक्काम ठोकतात. त्या गृहस्थांना ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा घरच्यांना आधी वाटलं, उष्माघात.

आता धुळ्याकडे वळू. जळगावहून धुळ्याला एरंडोल-पारोळ्यावरून नव्वदेक किलोमीटर. उजव्या हाताला अमळनेर राहतं. तिथं 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तोच पुढे विप्रो झाला. आमच्या लहानपणी त्या तुपातल्या शेवया आणि लाडू खाऊन आम्ही मोठे झालो. ज्यांनी तूप घेतलं त्यांना पुढे स्प्रिंग बसली. ज्यांनी शेअर घेतले त्यांनी बंगले बांधले. हृदयविकाराची याहून सोपी कारणमीमांसा मला कोणी सांगितलेली नाही.

धुळ्यात आमचे व्याही. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांचे ठोके अनियमित, म्हणून त्यांना रक्त पातळ करायची ऐसेनोकुमारॉल नावाची गोळी. तिचा डोस पंचांगासारखा: सोम-बुध-शुक्र एक, बाकी दिवशी अर्धी. महिन्याला आयएनआर नावाची तपासणी. आकडा दोन ते तीनच्या मध्ये हवा. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. व्याह्या-व्याह्यांत मानपान असतोच. मी म्हणायचो माझी स्प्रिंग, ते म्हणायचे माझा आयएनआर. स्प्रिंग एकदाच बसते, आयएनआर दर महिन्याला नवा, त्यामुळे त्यांचं पारडं नेहमी जड.

दिवाळीच्या सुमारास कोणीतरी त्यांच्या मोबाइलवर पाठवलं, की रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी हिरवं खाऊ नये. आबांनी हिरवं बंद केलं. मेथी, पालक, अंबाडी, कोथिंबीर, सगळं. पोह्यांवरची कोथिंबीर ते चिमट्यासारख्या बोटांनी एकेक पान उचलून बाहेर काढायचे. विहीणबाई म्हणाल्या, "पाडव्याला हिरवी साडी नेसले असते तर तीही बदलायला लावली असती." महिन्याभरात आयएनआर साडेचारच्या वर, आणि ब्रश केला की बेसिन लाल. डॉक्टरांनी डोस कमी केला.

आणि नेमकं जानेवारीत आम्ही त्यांना बामणोदला शेतावर भरीत पार्टीला बोलावलं.

खानदेशी भरीत ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वांगं फिकट हिरवं, लांबट, तान्ह्या बाळाच्या मांडीएवढं. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर ते साल काळी पडून फुटेपर्यंत भाजायचं. मग सोलून लाकडी मुसळीनं ठेचायचं. हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून-ठेचून त्यात, तेलात परतलेले शेंगदाणे, आणि मग कांद्याची पात. चिमूटभर नाही, जुडीच्या जुडी, हिरवीगार, वर पुन्हा कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. आबा दोन महिने हिरव्याविना राहिलेले. पहिली वाटी 'नको-नको' म्हणत, दुसरी 'थोडं' म्हणत, तिसरी काहीच न म्हणता. त्या रात्री मुक्काम आमच्याकडेच. सकाळी उरलेलं भरीत, दुपारी मेथीची भाजी. धुळ्याला परतताना विहीणबाईंनी पातीच्या चार जुड्या पिशवीत टाकल्या. आठ दिवसांनी आयएनआर 1.4.

यामागे एक मजेशीर गोष्ट आहे, आणि तीत गाय आहे, म्हणून शेतकऱ्यांना पटेल. 1933 सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळात कार्ल लिंक नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत आला. गाडीत मेलेलं जनावर, आपल्या लसूणघासासारखा पण कुजलेला चारा, आणि दुधाच्या कॅनमध्ये रक्त. ते रक्त गोठत नव्हतं. लिंकच्या माणसांनी काही वर्षं खपून त्या कुजक्या चाऱ्यातलं रसायन शोधलं. त्याचाच एक भाऊ वॉर्फरिन. 1948 साली तो बाजारात आला तो उंदरांच्या औषधात. माणसांना द्यायला लागले 1954 पासून, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना झटका आला तेव्हा त्यांनाही दिला. आबांची गोळी त्याच घराण्यातली. ही सगळी मंडळी एकच खोडी काढतात: यकृत व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारी प्रथिनं तयार करतं, त्या कामात पाय घालतात. हेन्रिक डाम या डॅनिश शास्त्रज्ञानं ते व्हिटॅमिन शोधलं, तेव्हा गोठण्याला त्यांच्याकडे के-नं सुरू होणारा शब्द होता म्हणून ते के. पालेभाज्यांत ते ठासून भरलेलं. कांद्याच्या पातीत तर विचारू नका.

हे मी उत्साहानं आबांना सांगितलं, ती चूक झाली. त्यांनी त्यातून एकच शब्द उचलला. "म्हणजे माले उंदीरनं औषध देस का डाक्टर?" आणि त्या रात्रीची गोळी त्यांनी टाळली. मग विहीणबाईंनी मला फोनवर जे ऐकवलं ते अहिराणीत होतं आणि ते छापायची इथं सोय नाही.

म्हणून मीच ठरवलं, आता दोन्ही घरांच्या गोळ्या एका पिशवीत घालायच्या आणि आबांच्या डॉक्टरपुढे ओतायच्या. साडीच्या दुकानाची जाड पिशवी घेतली, माझा डबा, त्यांचा डबा, बरण्या, पुड्या, सगळं भरलं. धुळ्यातल्या पाचकंदीलच्या गर्दीतून ती पिशवी छातीशी धरून मी आणि आबा असे चाललो होतो, की बघणाऱ्याला वाटावं सोन्याचा व्यवहार आहे.

डॉक्टरांनी टेबलावरची फाइल बाजूला सारली आणि पिशवी ओतली. वीस मिनिटं ते एकेक बरणी उचलून मागचं बारीक अक्षर वाचत होते. आबांच्या न्यू जर्सीवाल्या 'ए टू झेड' मल्टिव्हिटॅमिनवर थांबले. (भाच्यानं मानपान पाळून व्याह्यांनाही बरणी आणली होती.) "रोज घेता?"

"याद उनी ते," आबा म्हणाले.

त्यात व्हिटॅमिन के होतं. रोज नेमानं घेतलं असतं तर त्या हिशेबानं डोस बसवता आला असता. आठवेल तेव्हा घेतल्यामुळे महिन्याचा आकडा पत्त्यांच्या डावासारखा झाला होता. हिरव्या भाजीचंही तेच, डॉक्टर म्हणाले. "बंद करू नका, तुटूनही पडू नका. दुधाचा रतीब असतो तसा भाजीचा लावा. आणि उंदरालाही मात्रेनंच मारतात, तुम्हालाही मात्रेनंच वाचवतोय. गोळी परस्पर बंद केलीत तर मला तोंड दाखवू नका." हे शेवटचं वाक्य पेशंटनं अमलात आणलं तर डॉक्टरचं कसं व्हायचं, हे विचारायचा मोह मी आवरला.

सगळंच फेकलं असं नाही. आबांना वीस वर्षांचा मधुमेह, मेटफॉर्मिन चालू, आणि घर शाकाहारी. अशा माणसाचं बी-ट्वेल्व हमखास खाली येतं, पायांना मुंग्या येतात. ती गोळी डॉक्टरांनी उलट वाढवली. विहीणबाई थायरॉइडची गोळी सकाळी कॅल्शियमबरोबर एकाच घोटात घेत होत्या. दोघींमध्ये चार तासांचं अंतर पाडलं. बाकीच्यांची मोठी रास झाली.

"झालं? अजून काही?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

विहीणबाईंनी पर्स उघडून कागदाची पुडी काढली. "हे थोडं ज्येष्ठमध. यांचा खोकला म्हणून. रोज चघळतात. ते काय औषध थोडंच आहे!"

ज्येष्ठमध बीपी वाढवतं आणि पोटॅशियम घटवतं. डॉक्टरांनी पुडी घेतली, टेबलाच्या खणात टाकली आणि खण लावून घेतला.

बाद झालेली रास फेकून द्यायला मात्र विहीणबाईंचं मन होईना. एवढ्या महागाच्या गोळ्या, त्यातून परदेशातल्या. त्यांनी दारातल्या जास्वंदीला रोज एक मल्टिव्हिटॅमिन चुरून घालायला सुरुवात केली. परवा गेलो तर जास्वंद कंपाउंडच्या वर गेलेली, पानं एवढाली, फुलं मोजता येऊ नयेत इतकी. आबा खुर्ची टाकून तिच्यासमोर बसले होते, हातात मेथीच्या भाजीची मोजलेली वाटी.

मी म्हटलं, "काय जोम धरलाय हो!"

आबांनी वाटीतला शेवटचा घास पुसून घेतला आणि जास्वंदीकडे पाहत म्हणाले, "तिले काय शे! तिना आयएनआर कोन काढस?"